मोरीचे पाणी गटारात का?

गावात घरोघरी नळ आले, की मागोमाग रस्त्यावर सांडपाणी येते. जलजीवन मिशनचे माप माणशी रोज 55 लिटर. पाच जणांच्या घरात 275 लिटर पाणी येते आणि त्यातले बरेचसे आंघोळ, भांडी, धुणे करून मोरीतून बाहेर पडते. ते खडीत लावलेल्या देवनळाच्या वाफ्यातून शुद्ध करून झाडांना द्यावे, असे म्हटले की आधी शोषखड्ड्याचे नाव पुढे येते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्ड्यांसाठी नाव कमावले, ते योग्यच आहे. पण काळ्या चिकण मातीत पाणी मुरत नाही आणि भर पावसाळ्यात खड्डाच तुंबतो. शिवाय जिरलेले पाणी मे महिन्यात परसातल्या लिंबाच्या कामी येत नाही.

वाफ्यामुळे डास होतील, ही भीती तर उलटी आहे. डास उघड्या पाण्यावर अंडी घालतात, वाफ्यात पाणी खडीच्या थराखालून वाहते. दारातल्या उघड्या गटारातले डास मात्र आपण निमूटपणे सोसतो!

झाडे मळ कशी खाणार, असेही विचारतात. मळ खातात ते खडीवर आणि मुळांवर वाढलेले जिवाणू. देवनळाच्या पोकळ दांड्यांतून हवा मुळांशी उतरते आणि या जिवाणूंना जगवते. जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950च्या दशकातच पाणवनस्पतींवर असे प्रयोग केले. आपल्या ओढ्याकाठी देवनळ आणि पाणकणीस आपोआप वाढतात, परसात कर्दळही चालते.

खरा विचार करायला लावणारा आक्षेप वेगळाच आहे: आज्या मोरीचे पाणी थेट अळवाला आणि केळीला सोडत, मग वाफा हवा कशाला? त्यांची दृष्टी अचूक होती. पण तेव्हा भांड्यांना राख होती, केसांना शिकेकाई, आणि पाणी आडातून शेंदावे लागे, म्हणून ते बेतानेच सांडे. आज त्यात धुण्याची पावडर आहे, तेल आहे, आणि पाण्याचे मान कितीतरी वाढले आहे. हे सगळे रोज एकाच आळ्यात ओतले तर माती चोपण होते. अळवाची ती रीत टिकवायची असेल, तर मध्ये वाफा हवाच. तरीही पावडरीतले क्षार वाफ्यातून बरेचसे तसेच पुढे जातात, म्हणून पावडर बेतानेच वापरावी.

पाच जणांना साधारण पाच चौरस मीटर जागा आणि हात-सव्वा हात खोल खडी पुरते. संडासाचे पाणी त्यात येऊ देऊ नये. बाहेर आलेले पाणी नारळ, केळी, फुलझाडांना द्यावे. कच्च्या खाण्याच्या कोथिंबिरीला, मुळ्याला नाही, कारण त्यात रोगजंतू उरतात. उन्हाळ्यात देवनळ स्वतःच बरेच पाणी पितो, तेव्हा भरपूर पाण्याचे आश्वासन कोणी देऊ नये.

वाफे बंद पडतात ते बहुधा तेलकट साय आणि खरकटे खडीत शिरल्याने. त्यासाठी आधी एक चेंबर बांधून ते नेमाने उपसावे लागते. ते कोण उपसणार, हे घरात ठरले नसेल तर वाफा बांधूच नये.