पाण्याला वाट करून द्या

माहुलच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. घर सव्वादोनशे चौरस फुटांचं, तिसऱ्या मजल्यावर. समोरची इमारत इतकी लगटून की खिडकीतून हात लांब केला तर त्यांच्या दोरीवरचे कपडे काढता येतील. तेलाच्या कारखान्यांकडून वारा सुटला की वासाने डोकं उठतं, म्हणून खिडक्या लावून घ्यायच्या. लावून घेतल्या की घर कोंदतं, पापड सादळतात, कपाटामागे काळी बुरशी धरते. धाकट्या मुलाला दम्याचा त्रास. दिरांनी गेल्या वर्षी दमटपणा ओढणारं यंत्र, म्हणजे डिह्युमिडिफायर, आणून दिलं. त्याचं काम उत्तम आहे. पण त्याची बादली दोन लिटरची. चार तासांत ती भरते, लाल दिवा लागतो आणि यंत्र गप्प बसतं. "रात्री दोन वाजता उठून बादली कोण ओतणार? सासूबाई म्हणतात मी उठते, पण ते मला बरं वाटत नाही. मागे नळी लावता येते म्हणतात. हे म्हणतात भिंतीला भोक पाडू या. काय करावं?"

भोक पाडू नका. नळी मात्र जरूर लावा. दमेकरी मूल रात्री आठ-आठ तास त्याच खोलीत झोपतं आणि यंत्र नेमकं त्याच वेळी बंद पडत असेल, तर ते घेतलं कशाला?

आधी ही बादली इतक्या लवकर का भरते ते पाहू. तुमच्या घरात नऊ फूट उंची धरली तर साधारण ५७ घनमीटर हवा मावते. जुलैत ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की त्या हवेत जवळजवळ दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने असतं. आर्द्रता ५५ टक्क्यांवर आणायची तर त्यातलं सुमारे अर्धा लिटर काढावं लागतं. म्हणजे एकदा हवा कोरडी झाली की काम संपलं, असं वाटेल. पण दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यांतून बाहेरची हवा आत येतच असते. तासाभरात घरातली सगळी हवा एकदा बदलली, तर दर तासाला पुन्हा अर्धा लिटर. आता हिशोब जुळला ना चार तासांचा? त्यात घरात कपडे वाळत घातले की पाहायलाच नको. मशीनमधून पिळून काढलेल्या पाच किलो कपड्यांतसुद्धा दोन-तीन लिटर पाणी उरलेलं असतं, आणि ते सगळं खोलीतच उतरतं.

आता नळी. यंत्राच्या मागे किंवा बाजूला रबरी बूच लावलेलं एक तोंड असतं. बूच काढलं की तिथे नळी बसते. कुठे ती नुसती दाबून बसवायची असते, कुठे आटे असतात. तोंडाचं माप कागदावर उतरवून हार्डवेअरच्या दुकानात न्या. नळी पारदर्शक घ्या, म्हणजे आत शेवाळ धरलं की दिसतं. घट्ट बसत नसेल तर पत्र्याचा क्लॅम्प आवळा. आट्यांच्या तोंडाला टेफ्लॉन टेपचे दोन वेढे पुरतात. काही यंत्रांत नळी लावली तरी बादली जागेवर असावीच लागते, नाहीतर यंत्र सुरूच होत नाही. तेव्हा रिकामी बादली परत आत सरकवा आणि मगच यंत्र बिघडलं म्हणा.

खरी मेख पुढे आहे. या यंत्रातून पाणी जोराने येत नाही, थेंबाथेंबाने येतं. ते आपल्या वजनानेच वाहणार. त्यामुळे नळीला तोंडापासून शेवटापर्यंत सतत ढाळ हवा. गवंडी मोरीच्या फरशीला देतो तसाच, फुटाला पाव इंच. मध्ये कुठे नळी लोंबली की त्या पोटात पाणी साचतं, हवा अडकते आणि वरचं पाणी तुंबून यंत्राखाली फरशीवर येतं. उरलेली दोन हात नळी गुंडाळून मागे ठेवू नका, कापून टाका. बायकांना कापून टाकणं जिवावर येतं, मला माहीत आहे. पण इथे काटकसर नको.

आणि आपल्याकडच्या घरांत एक गोष्ट आडवी येते, जी यंत्राच्या माहितीपुस्तकात कधीच लिहिलेली नसते: न्हाणीघराचा उंबरा. पाणी बाहेर येऊ नये म्हणून तो दोन-तीन इंच उंच केलेला असतो. यंत्राचं तोंड त्याहून खाली असेल तर नळीला चढ लागतो आणि पाणी चढ चढत नाही. तेव्हा पट्टी घेऊन दोन्ही उंच्या मोजा. तोंड उंबऱ्यापेक्षा किमान चार-सहा इंच वर हवं. नसेल तर यंत्र चौरंगावर किंवा मजबूत बुटक्या स्टुलावर ठेवा. मात्र ते डुगडुगता कामा नये, आणि यंत्राच्या मागे व बाजूला हातभर जागा मोकळी हवी, नाहीतर हवा खेचली जात नाही. लहान घरात न्हाणीघराच्या दाराशेजारचा कोपरा सर्वांत सोयीचा. नळी जितकी आखूड तितकी कटकट कमी. भिंतीलगत क्लिपा मारा, म्हणजे कोणी अडखळणार नाही. दार लावल्यावर नळी चेपत असेल तर दाराच्या खालच्या कोपऱ्यात सुताराकडून अंगठ्याएवढी खाच पाडून घ्या.

नळीचं दुसरं टोक कुठे सोडायचं? पुष्कळजणी ते नहाणीच्या जाळीत खोल खुपसतात. तसं करू नका. नहाणीच्या ट्रॅपमध्ये थोडं पाणी कायम उभं असतं. गटाराचा वास आणि झुरळं त्यामुळेच वर येत नाहीत. टोक त्या पाण्यात बुडलं की थेंबांची वाट अडते आणि तिथली घाण नळीत शिरते. टोक जाळीच्या दोन बोटं वर राहू द्या. त्याहून चांगली युक्ती म्हणजे न्हाणीघरात एक मोठी बादली ठेवा आणि टोक तिच्या काठावर अडकवा. बादली भरून वाहिली तरी पाणी नहाणीतच जाईल, आणि सकाळी संडासात ओतायला, फरशी पुसायला बादलीभर पाणी आयतं मिळेल. ज्या वस्तीत नळाच्या वेळा सांभाळाव्या लागतात, तिथे हे थोडंथोडकं नाही. पिण्याला किंवा स्वयंपाकाला मात्र एक थेंबही वापरू नका. दिसायला ते स्वच्छ असतं, पण यंत्रातल्या धातूच्या नळ्यांवरून आणि हवेतल्या धुळीतून आलेलं असतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीतही नको.

खिडकीबाहेर नळी सोडण्याचा विचार कोणी मांडला तर त्याला तिथेच थांबवा. खालच्या बाईंच्या वाळवणावर पाणी पडलं की भांडण ठरलेलंच. शिवाय दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या जागेत ऊन पोहोचत नाही, भिंत ओली ती ओलीच राहते, आणि आतून काढलेला दमटपणा आपण बाहेरून पुन्हा भिंतीला पाजतो. पंप असलेली यंत्रंही मिळतात, ती पाणी वर चढवतात. पण पंप म्हणजे बिघडणारी आणखी एक वस्तू. चौरंगाने काम होत असेल तर पंपाला पैसे घालू नका.

बसवून झालं की लगेच चालू करून झोपू नका. नळी यंत्रापासून सोडवा, त्या टोकातून तांब्याभर पाणी ओता आणि पलीकडे सगळं येतं का पाहा. अर्धं मध्येच राहिलं तर ढाळ चुकला. मग जोडा आणि पहिला दिवस घरात असतानाच चालवा. यंत्राखाली जुनं ताट किंवा ट्रे ठेवा. बादली भरली की यंत्र आपोआप थांबायचं, तो पहारा नळी लावल्यावर सगळ्याच यंत्रांत राहतो असं नाही, म्हणून पहिला आठवडा घर बंद करून जाताना यंत्रही बंद करा. प्लग अर्थिंगचा हवा, आणि जोडणीचा बोर्ड जमिनीवर लोळत ठेवायचा नाही. पंधरा दिवसांनी नळी काढून कोमट पाण्यात थोडं व्हिनेगर घालून धुवा, आतली बुळबुळ निघते. गाळणीची जाळी त्याच दिवशी झटका.

विजेचंही सांगते. ३०० वॅटचं यंत्र दहा तास चाललं की तीन युनिट जळतात. बादली नाही म्हणून ते आता थांबणार नाही, तेव्हा त्याला थांबायला सांगणं तुमच्या हातात. आकडा ५५ ते ६० वर ठेवा. ४० वर ठेवलंत तर मुंबईच्या पावसाळ्यात ते कधीच तिथवर पोहोचणार नाही आणि बिल तेवढं पोहोचेल. यंत्रामुळे खोली थोडी गरम होते, तो दोष नव्हे, त्याचं कामच तसं. पंखा मंद चालू ठेवा. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी नवीन यंत्र घेण्याआधी एसीचा 'ड्राय' हा पर्याय आठवडाभर वापरून पाहावा. आणि तांब्याएवढी जी छोटी स्वस्त यंत्रं मिळतात, ती दिवसाला जेमतेम पेलाभर-दोन पेले पाणी काढतात. कपाटात ठीक, खोलीला नाही.

आता पत्रात न विचारलेलं, पण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. कपाटामागची बुरशी हवेतल्या दमटपणाने आली की भिंतीतल्या ओलीने? कपाट पुढे ओढा, बुरशी साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा (मुलाला त्या वेळी खोलीत ठेवू नका, तोंडाला फडकं बांधा), आणि तिथे फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी पाहा. थेंब प्लॅस्टिकच्या आपल्या बाजूला असतील तर ते हवेतले, यंत्र उपयोगी पडेल. भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीतून येतं आहे: वरच्या मजल्याची मोरी, फुटका पाइप, बाहेरची तडकलेली गिलावणी. मग नळी कितीही सुबक लावा, यंत्र रात्रंदिवस पावसाचं पाणी उपसत बसेल. तेव्हा सोसायटीकडे लेखी तक्रार करा, फोटो जोडा आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पावसाबरोबर वाहून जातं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. हे यंत्र हवेतलं पाणी काढतं, हवेतले रासायनिक वायू काढत नाही. माहुल आणि आंबापाडा इथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली म्हटलं होतं. यंत्र आलं म्हणून मुलाच्या खोकल्याकडे काणाडोळा करू नका. डॉक्टरांना घरातली बुरशी आणि बाहेरचा वास, दोन्ही सांगा. वास नसेल त्या वेळी, विशेषतः फोडणी देताना आणि आंघोळीनंतर, यंत्र बंद करून पंधरा-वीस मिनिटं खिडकी उघडा. कुकरची वाफ यंत्राने ओढण्यापेक्षा खिडकीतून गेलेली परवडते.

ऑक्टोबरात ऊन तापलं की नळी काढून दोन्ही टोकं वर टांगा, पूर्ण वाळली की पिशवीत घालून यंत्राच्याच हँडलला बांधून ठेवा, म्हणजे जूनमध्ये शोधाशोध नको. यंत्र उभंच ठेवा. हलवताना आडवं झालं असेल तर उभं करून दिवसभर थांबा आणि मगच चालू करा.