जुन्या स्कूटरच्या पोटात काय घालावे?

दिवाळीच्या साफसफाईत जिन्याखालची जुनी स्कूटर अंगणात निघते, हा पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी घरांतला वार्षिक सोहळाच म्हणावयाचा. घरचे कर्ते पुरुष तिला पुसतात, एका अंगावर कलती करतात, पुन्हा सरळ करून किक मारतात. चालू झाली तर लाडू, नाही तर मेकॅनिक!

यंदा निगडी प्राधिकरणातील एका वाचक-भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "चेतक विकण्याचे नाव काढले की हे जेवणावरून उठतात. पण नव्या पेट्रोलने जुने इंजिन बिघडते, असे जो तो सांगतो. दुकानदाराने पेट्रोलमध्ये घालावयाच्या तीन निरनिराळ्या बाटल्या दिल्या आहेत. त्यांतली कोणती घालू?"

बाई, एकही घालू नका. मात्र तुमची काळजी अगदीच निराधार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून पहिली चेतक बाहेर पडली. पुढे लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षे तिची वाट पाहिली. लग्नाच्या बोलण्यांतही तिचे नाव निघू लागले. त्या चेतकचे इंजिन दोन-स्ट्रोकचे. (अगदी शेवटी चार-स्ट्रोकचीही चेतक निघाली, तिच्या मालकांनी खालचा तेलाचा मजकूर सोडून द्यावा.) दोन-स्ट्रोक इंजिनात पिस्टन आणि क्रँक यांना वंगण पुरवणारी निराळी सोय नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेल जेवढे आत जाईल, तेवढेच त्यांचे वंगण. लिटरला २० मिलिलिटर, म्हणजे चार लिटरला ८०, हे चेतकचे प्रमाण. अन्न आणि तेलमालीश एकाच घोटात! म्हणूनच पेट्रोल बदलले की या इंजिनाची तब्येत इतरांहून अधिक नाजूक होते.

पेट्रोल यापूर्वीही बदलले आहे. इंजिनाने खडखडू नये म्हणून त्यात शिशाचे संयुग घालीत असत. २००० साली ते देशभर बंद झाले. तेव्हाही बरीच ओरड झाली. जुन्या मोटारींच्या झडपांच्या बैठका शिशावाचून झिजतील, ही भीती काही अंशी खरी होती. पण चेतकच्या इंजिनात तशा झडपाच नाहीत, तेव्हा तिला त्याचे सोयरसुतक नव्हते.

आताचा पाहुणा म्हणजे इथेनॉल, साध्या भाषेत मद्यार्क. २०२२ साली पेट्रोलमधील त्याचे प्रमाण देशात १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. ते उसापासून आणि धान्यापासून होते. आपल्यापैकी अनेकांचे काका-मामा इंदापूर-बारामतीकडे ऊस लावतात, तेव्हा त्याच्या नावाने बोटे मोडताना जरा जपूनच. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश. त्यामुळे लिटरमागे किलोमीटर थोडे घटतात. जुन्या दुचाकींत ही घट तीन-चार टक्के असावी, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाज होता. ते आपण सोसू.

खरी अडचण दुसरीच आहे. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते, इथेनॉलला नऊ. नव्या गाडीतील विजेची यंत्रणा हा फरक ओळखून इंधन वाढवते. जुना कार्ब्युरेटर बिचारा आपला पूर्वीच्याच मापाने वाढीत राहतो. मिश्रण पातळ पडते आणि इंजिन अधिक तापते.

आणि त्याहून वाईट ते पाणी. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. हवेतला ओलावा ते हळूहळू घेतेच, पण माझ्या मते बहुतेक टाक्यांत पाणी शिरते ते झाकणाच्या कुजलेल्या रबरातून. पाणी प्रमाणाबाहेर झाले की इथेनॉल पेट्रोलची संगत सोडते आणि पाण्याला घेऊन तळाशी बसते. तेल मात्र वर, पेट्रोलबरोबर राहते. नळी तर तळातूनच निघते! म्हणजे इंजिनाला मिळतो तो तेलाचा थेंबही नसलेला घोट. अशा वेळी गाडी बहुधा चालूच होत नाही, तेच बरे. चाचरत चालू झाली आणि तशीच हमरस्त्यावर नेली, तर पिस्टन सिलिंडरला धरतो, इंजिन सीझ होते आणि मागचे चाक जागच्या जागी अडकते. चाकणच्या रस्त्यावर मागे ट्रेलर असताना हे होणे म्हणजे काय, ते सांगावयास नको. गाडी एकाएकी ओढेनाशी झाली की तत्काळ डाव्या हाताचा क्लच दाबून बाजूला घ्यावी, हे घरातल्या प्रत्येक चालकाला पाठ असू द्या.

आता त्या बाटल्यांकडे वळू. पहिली ऑक्टेन वाढवणारी. ऑक्टेनची गरज जास्त दाबाच्या इंजिनांना. चेतकचा दाब बेताचा, आणि इथेनॉलने ऑक्टेन आधीच वाढलेले. श्रीखंडात साखर घालण्याचा प्रकार! (पूर्वी काही लोक याच हेतूने टाकीत डांबराच्या गोळ्या टाकीत. त्या कपाटातच शोभतात.) दुसरी बाटली पाणी 'नाहीसे' करणारी. पाणी नाहीसे होत नसते. अशा औषधांत पुष्कळदा आणखी एखादे अल्कोहोलच असते. तिसरी गंजरोधक. हिच्यात थोडे तथ्य आहे, पण टाकी आधी स्वच्छ नसेल तर तिचाही उपयोग नाही. आणि घातलेले इथेनॉल परत काढून घेणारी बाटली अजून कोणी बनवलेली नाही. जास्त ऑक्टेनचे महाग पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचे, असाही अर्थ नव्हे. पंपावर ते वेगळे विचारावे. अमेरिकेत जुन्या मोटरबोटींचे मालक याच विवंचनेत असतात. तिथल्या कित्येक धक्क्यांवर बिनइथेनॉलचे पेट्रोल मुद्दाम ठेवतात. आपल्याकडे नेहमीच्या पंपावर तशी सोय नाही.

तेव्हा बाटल्यांचे पैसे रबरावर खर्च करा. पेट्रोलची नळी, झाकणाचा वॉशर, कार्ब्युरेटरची गॅस्केटे, ही सारी इथेनॉल सोसणारी मागून घ्यावी. जुने रबर फुगते, मऊ पडते आणि मग गळते. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर इथेनॉल सोडवते आणि तो जेटमध्ये जाऊन बसतो; म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर गाळणी साफ करावी. मेकॅनिककडून प्लगचा रंग पाहून घ्यावा. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर मिश्रण पातळ, मुख्य जेट थोडा मोठा बसवावा लागेल.

तेल दोन-स्ट्रोकचेच, चांगले, मापून. मोटारीचे तेल नको. "थोडे जास्त घातलेले बरे" हा आपल्या गृहिणींचा तुपाबाबतचा न्याय इथे लागू नाही, कारण तेल जितके वाढते तितके पेट्रोल कमी होते, मिश्रण आणखी पातळ पडते आणि शिवाय काजळी धरते.

यंदा किक मारण्यापूर्वी टाकीतले जुने पेट्रोल काढून पांढऱ्या काचेच्या बरणीत ठेवा. अंगणात, पणत्या लावण्यापूर्वी आणि फटाक्यांच्या मुलांना दूर पाठवून. तासाभराने तळाशी वेगळा थर दिसला तर ते सगळे गॅरेजवाल्याच्या हवाली करा, गटारात ओतू नका. पुढच्या पावसाळ्यात गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल, तर टाकी रिकामी करून आतून तेलाचा हात फिरवावा, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीत काही उरत नाही. चार-आठ दिवसांचा प्रश्न असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवलेली चांगली.