सेम टू सेम कार्ड मिळेल का?

कारखान्यातलं एखादं कार्ड जळलं की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "सेम टू सेम मिळेल का?" माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. आधीचं कार्ड मेलं कशानं, हे अगोदर विचारायला हवं. आणि ते कुणीच विचारत नाही.

आमच्या नवघरात, म्हणजे भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आजूबाजूला गाळ्यांच्या किती इस्टेटी आहेत हे सकाळच्या लोकलमागे धावणाऱ्या आपल्यासारख्यांना जाणवतही नाही. स्टीलची भांडी, प्लास्टिकच्या वस्तू, छोटे सुटे भाग... बरंच काही इथे बनतं. जवळच खाडी आणि मिठागरं, त्यामुळे हवा खारट. अशा गाळ्यांतल्या मशीनमध्येही आता पीएलसी दिसतो. पीएलसी म्हणजे मशीनचा मेंदू, पॅनेलमध्ये बसवलेला एक ठोकळा. त्याला बाकीच्या उपकरणांशी बोलायला एक छोटं कार्ड लागतं. ते गेलं की मेंदू शाबूत, पण वाचा बंद! ऑफिसात नेटवर्क गेलं की आपण चहाला जातो. इथे पीसवर पैसे मिळणारा कारागीर बसून राहतो आणि त्याचा दिवस फुकट जातो.

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका काकांचा फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना? जरा बघून जा." (कॉम्प्युटरवाल्याला मिक्सरपासून रॉकेटपर्यंत सगळं कळतं, अशी आपल्याकडे श्रद्धा आहे. असो.) त्यांचा पीएलसी पाच मोटरांच्या ड्राइव्हना आरएस-४८५ च्या तारेवरून वेग सांगायचा. वर्षभरात दुसरं कार्ड जळलं होतं. वायरमन लोहार चाळ पालथी घालून तिसरं तसंच आणायच्या तयारीत होता. आम्ही केबल मोजली, ती ७० मीटरच्या आसपास भरली. शेवटचे दोन ड्राइव्ह शेजारच्या गाळ्यात, जो काकांनी नंतर भाड्यानं घेतलेला. तिथलं मीटर वेगळं, अर्थिंगही वेगळं.

खरी गोम इथेच आहे. आरएस-४८५ हे १९८३ चं मानक. १२०० मीटरपर्यंत चालतं असं सगळे सांगतात, आणि ते खोटं नाही. पण त्याच मानकात आणखी एक आकडा आहे, जो कुणी सांगत नाही. दोन टोकांच्या ग्राउंडमधला फरक आणि तारेवरचा सिग्नल मिळून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या आत राहायला हवेत. दोन गाळ्यांची अर्थिंग वेगळी असताना एखादी मोठी मोटर सुरू झाली किंवा जवळपास वीज कडाडली, की ही मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते. मग कार्डावरची चिप जाते. कार्ड बिचारं निर्दोष असतं.

त्या गाळ्यातला पीएलसी दुसऱ्या कंपनीचा होता, पण समजायला मित्सुबिशीची एफएक्स३यू मालिका घेऊ, कारण तिची कागदपत्रं नीट आहेत. तिच्यात आरएस-४८५ साठी दोन मार्ग आहेत. पहिला ४८५-बीडी, पीएलसीच्या अंगावरच बसणारं छोटं कार्ड. त्याला आयसोलेशन नाही आणि अंतराची मर्यादा फक्त ५० मीटर. दुसरा ४८५एडीपी, डाव्या बाजूला जोडायचा वेगळा ठोकळा. त्यात आयसोलेशन आहे, म्हणजे तारेची बाजू आणि पीएलसीची बाजू विजेच्या दृष्टीनं वेगळ्या. तो ५०० मीटरपर्यंत चालतो. जोडायला मधे एक सीएनव्ही-बीडी कार्ड लागतं, त्याचा खर्च वेगळा. आणि लोक हमखास विसरतात ते म्हणजे मॉडबससाठी 'एमबी' शेपटीचा एडीपीच घ्यावा लागतो. दुकानदार "एकच आहे साहेब" म्हणेल. एकच नाही! नवा एफएक्स५यू घेतला तर इथरनेट आणि आरएस-४८५ दोन्ही अंगचेच येतात, पण त्यातल्या ४८५ लाही ५० मीटरचीच मर्यादा आहे. म्हणजे पीएलसी बदलूनही दुखणं तिथेच.

माझं म्हणणं एवढंच, की केबल एका पॅनेलच्या बाहेर जात असेल तर आयसोलेशन असलेलंच कार्ड घ्या, महाग पडलं तरी. वर्षाला दोन कार्डं आणि चार बंद दिवस याचा हिशोब मांडला तर ते महाग राहत नाही. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर आहेत का, हेही त्याच वेळी बघून घ्या. पैशांत मोजायचा खर्च नाही तो.

आता आपल्या जमातीबद्दल. सॉफ्टवेअरवाला अशा गाळ्यात शिरला की त्याला लगेच क्लाउड सुचतो. गेटवे लावू, मोबाईलवर डॅशबोर्ड देऊ! मीही त्याच जातीचा, मोह कळतो. पण मॉडबस हा १९७९ चा, मॉडिकॉन कंपनीनं काढलेला प्रोटोकॉल. त्यात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. इथरनेटवर तो ५०२ नंबरच्या पोर्टवर बोलतो, आणि तिथवर जो पोचेल त्याला मोटरचा वेग बदलता येईल. ऑफिसच्या वायफायला मशीन जोडणं म्हणजे गाळ्याची चावी रस्त्यावर टांगणं. इथरनेटला माझा विरोध नाही. त्याच्या पोर्टातच छोटे ट्रान्सफॉर्मर असल्यानं आयसोलेशन आपोआप मिळतं, हा मोठाच फायदा. पण मशीनचं नेटवर्क वेगळं ठेवा आणि डॅशबोर्डला फक्त वाचू द्या. आणि हो, रात्री दोन वाजता हे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? वायरमनला जे कळत नाही ते त्या गाळ्यात टिकत नाही.

काकांनी महागडं कार्ड घेतलं, कुरकुर करत. त्याहून जास्त कुरकुर मी पॅनेलच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवला तेव्हा केली. त्यावर प्रत्येक ड्राइव्हचा स्टेशन नंबर, बॉड रेट, पॅरिटी आणि केबलचा मार्ग लिहिलाय, मराठीतून. "हे कशाला, वायरमनला पाठ आहे की," काका म्हणाले. वायरमन दिवाळीला गावी जाऊन तीन आठवडे परतला नव्हता, याची आठवण त्यांना त्यांच्याच मुलानं करून दिली.