तकरीर पुरे, आता मुबाहसा

उर्दू शाळेत तकरीरी मुकाबला असतो, मराठी शाळेत वक्तृत्व स्पर्धा. प्रकार तोच. घरून लिहून आणलेलं भाषण, पाठांतर, हातवारे, शेवटी एक शेर आणि टाळ्या. मुबाहसा, म्हणजे वादविवाद, वेगळा. समोरच्याचं ऐकल्याशिवाय त्यात बोलताच येत नाही. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी तो हवा, आणि कायद्यावर हवा. 'मोबाईल शाप की वरदान' खूप झालं.

विषय शोधायला लांब जायला नको. २०१६ मध्ये बालकामगार कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवायला बंदी आली, पण एक सवलतही राहिली: काम धोक्याचं नसेल तर शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत मूल घरच्यांना मदत करू शकतं. घरचे म्हणजे आई-वडील, भावंडं आणि चाचा, फूफी, मामू, खालासुद्धा. आता समजा, भोसरीतल्या एका खोलीत कारखान्याचे पार्ट पॅकिंगला येतात, नगावर पैसे मिळतात आणि सातवीतली मुलगी अम्मीशेजारी बसून हात लावते. हा घरचा धंदा की कारखान्याचं काम? चाकणला मामूच्या किराणा दुकानात भाचा रोज संध्याकाळी बसतो, ती मदत की मजुरी? यावर आमची मुलं परीक्षकांपेक्षा जास्त सांगू शकतील.

मात्र कोण कुठल्या बाजूने बोलणार, हे चिठ्ठी टाकून ठरवावं. माझा आग्रह यावर आहे. विषय तलाकचा किंवा समान नागरी कायद्याचा निघाला की अख्खा वर्ग मुसलमान मुलाकडे वळून बघतो. 'तुमच्यात काय असतं सांग.' बारा वर्षांचं पोर अख्ख्या कौमचं वकील होऊन बसतं! चिठ्ठीमुळे हिजाबवाली मुलगी कायद्याच्या बाजूने आणि टिळा लावलेला मुलगा विरोधात बोलू शकतो.

काही पालक म्हणतील, आमचं मूल शरियतच्या विरोधात कसं बोलेल? त्यांची काळजी मी हसण्यावारी नेत नाही. म्हणूनच पहिल्या वर्षी बालमजुरीच घ्यावी. पण संविधान सभेचं आठवा. मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असं मद्रासचे मुहम्मद इस्माईल १९४९ मध्ये तिथे मांडत होते आणि बेगम ऐजाज रसूल राखीव जागांनाही नको म्हणत होत्या. एकाच सभागृहात दोघं उघड विरोधात बोलले. कुणाचं इमान गेलं नाही.

एक गोष्ट परीक्षकांसाठी. गुण द्यायचे ते समोरच्याच्या मुद्द्याला दिलेल्या उत्तराला. कायद्याचं कलम नीट वाचून आलेल्याला थोडे जास्त. शेराला शून्य.