माग काढणारा कोठडीत, माग विकत घेणारा फार्महाऊसवर

पोस्ट मोठी आहे, पण आपल्या तालुक्याची आहे. शेवटपर्यंत वाचा.

परवा मुरबाडहून माळशेजकडे जाताना टोकावड्याच्या अलीकडे एका टपरीवर चहाला थांबलो होतो. शेजारच्या बाकड्यावर तीन तरुण बसले होते. बाहेर मोठी गाडी, टपावर दिवे. विषय चालला होता, भेकर हमखास सापडतं कुठे आणि कसं.

एक म्हणाला, पाणवठ्यावर कॅमेरा बांधून ठेवायचा, कुठल्या वेळेला येतं ते आपोआप कळतं. दुसरा म्हणाला, हल्ली उष्णता टिपणारा ड्रोन मिळतो, अंधारातही जनावर दिसतं. तिसरा हसला. म्हणाला, "एवढा खर्च कशाला? वाडीतला एक माणूस धरायचा. पाचशे रुपये आणि एक क्वार्टर. तो बरोब्बर नेऊन बसवतो."

मी चहा तसाच ठेवून उठलो. राग तिसऱ्याचाच जास्त आला, कारण तो खरं बोलत होता.

आता पद्धतींची तुलना करायचीच तर नीट करू.

गाडी आणि सर्चलाईट ही शहरातून येणाऱ्यांची आवडती पद्धत. रात्री जंगलाच्या रस्त्याने हळू गाडी चालवायची, झाडीत झोत मारायचा. हरणाचे डोळे चमकतात, जनावर दिपून जागच्या जागी उभं राहतं. यात जंगल कळावं लागत नाही, पेट्रोल लागतं. मादी गाभण आहे का, मागे पिल्लू आहे का, झोतात काही कळत नाही.

हाका म्हणजे माणसं आणि कुत्री एका बाजूने आरडाओरडा करत जनावर बंदुकीसमोर आणणार. साहेबाच्या काळापासून हे असंच. ओरडणारा, काट्यातून धावणारा गाववाला. गोळी साहेबाची, फोटो साहेबाचा.

कॅमेरा आणि ड्रोन ही नवी हत्यारं. वनखात्याने जनावर मोजायला वापरायची वस्तू आता जनावर मारायला वापरायचा बेत टपरीवर शिजतोय. पण कॅमेरा फक्त जिथे बांधला तिथलंच सांगतो. तो बांधायचा कुठे, हे सांगायला पुन्हा वाडीतलाच माणूस लागतो.

आणि चौथी पद्धत, माग काढण्याची. ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्यांतल्या जुन्या माणसांकडे ती आहे. ओल्या मातीतला खूर सकाळचा की कालचा, लेंड्या किती ताज्या, सांबराने शिंगं कुठल्या खोडाला घासली, फाल्गुन-चैत्रात मोह गळायला लागला की पहाटे कुठल्या झाडाखाली फुलं खायला भेकर येतं, कुठला डोह मे महिन्यातही आटत नाही. भेकर भुंकलं तर आसपास बिबट्या असेल, हेही त्यांना कळतं. हे कुठल्या डिप्लोमात शिकवत नाहीत. मीही केलाय डिप्लोमा, मला हातातला खूर ओळखता येत नाही.

ही विद्या नसली की काय होतं? 2025 च्या जानेवारी अखेरीस शेजारच्या पालघर जिल्ह्यात बोरशेतीच्या जंगलात टोळी रानडुकराच्या शिकारीला गेली. डुक्कर समजून गोळी झाडली, मेला सोबतचा माणूस. बाकीच्यांनी मृतदेह लपवला, प्रकरण काही दिवसांनी उघडकीला आलं. ज्याला माग कळतो तो नुसत्या पाचोळ्याच्या आवाजावर गोळी झाडत नाही.

मग या विद्येची आपल्याकडे किंमत काय? पाचशे रुपये आणि एक क्वार्टर.

इतकी वर्षं बातम्या लिहितोय. शिकारीची बातमी आली की फोटोत कोण असतं? उघड्या पायांची, मान खाली घातलेली दोन-तीन माणसं. समोर फासा, कोयता, फार तर ठासणीची बंदूक. गाडीवाला फोटोत नसतो. "मुख्य आरोपी फरार, तपास सुरू" हे वाक्य मी स्वतः इतक्या वेळा टाइप केलंय की आता लाज वाटते. वाडीतल्याचा जामीन व्हायला महिने जातात. बायको पोरांना घेऊन वीटभट्टीवर जाते. गाडीवाला पुढच्या शनिवारी दुसऱ्या वाडीत माणूस शोधतो.

कायदा कमी पडतो असं म्हणू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत हाका करणं, फासा लावणं, आमिष टाकणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं हे सगळं येतं. चिथावणी देणारा, मदत करणारा कलम 52 खाली तितकाच दोषी. कलम 39 प्रमाणे गुन्ह्यात वापरलेलं आणि जप्त झालेलं वाहन सरकारची मालमत्ता होतं. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण दंडाची मर्यादा 25 हजारांवरून 1 लाखावर नेली. वाडीतल्या माणसाला लाख रुपये म्हणजे जन्माची कमाई. पंचवीस लाखांची गाडी गेली तर मात्र फार्महाऊसवाला परत येणार नाही. मग कारवाई गाडीवर हवी की अनवाणी पायांवर?

आता दोन आक्षेप, कमेंटमध्ये येणारच आहेत म्हणून आधीच घेतो.

पहिला : "डुकरं भात खातात, शेतकऱ्याने काय करायचं?" नुकसान खरं आहे, रात्र रात्र माळ्यावर जागणारे शेतकरी मी पाहिलेत. त्यांना भरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. उपद्रवी रानडुकरासाठी रीतसर परवानगीची तरतूदही राज्यात आहे. पण भेकर कुणाचं भाताचं खाचर लोळवतं? डुकराच्या नावाने निघालेली बंदूक हरणावर चालते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

दुसरा : "आदिवासींची परंपराच आहे शिकारीची." परंपरा होती, भुकेची होती. वनहक्क कायदा 2006 ने जंगलावरचे हक्क देताना शिकारीचा हक्क स्पष्ट वगळला आहे. आणि परंपरेचंच बोलायचं तर वाघबारसेला वाघोबाला नैवेद्य दाखवणारीही हीच माणसं आहेत. सर्चलाईट आणि टपावरचे दिवे कुणाच्या परंपरेत बसतात? आदिवासींचं नाव पुढे करून आपली हौस झाकायची, हे आता पुरे.

मग करायचं काय?

एक. शिकारीच्या गुन्ह्यात गाडी, मोबाईल आणि पैसे कुणाचे, हे आधी शोधा. वाडीतला माणूस पकडला की तपास संपला असं समजू नका.

दोन. बुद्धपौर्णिमेला तानसा अभयारण्यात पाणवठ्यांवर प्राणीगणना होते. शहरातले हौशी लोक मचाणावर बसतात, चांगलंच आहे. पण तिथे नेणाऱ्या माणसाला एका रात्रीचा भत्ता देऊन घरी पाठवू नका. माग काढणाऱ्यांना बारा महिने, ठरलेल्या पगारावर घ्या. तानसा असो, भीमाशंकर अभयारण्याची आपल्या मुरबाडकडची बाजू असो, त्यांच्याइतकी गस्त कुणाला जमणार आहे? जो शिकाऱ्याला डोहावर नेऊन बसवू शकतो, तोच शिकारी कुठे दबा धरून बसलाय हेही सांगू शकतो.

तीन. हे ग्रामसभांसाठी. त्याच वनहक्क कायद्याचं कलम 5 वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला देतं. शहापूर तालुका सगळा आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. रात्री दहानंतर वाडीच्या वाटेवर अनोळखी गाडी दिसली तर नंबर लिहून ठेवायचा आणि वनखात्याच्या 1926 या हेल्पलाईनवर कळवायचं, एवढा साधा ठराव करायला काय हरकत आहे?

तोपर्यंत बाजारभाव तोच राहणार. सरकार या विद्येला पगार देत नाही, म्हणून फार्महाऊसवाला पाचशे रुपयांत ती विकत घेतो. आणि मोह गळायला लागला की पहाटे झाडाखाली आलेलं भेकर त्याची किंमत चुकवतं.

तुमच्या गावात अशा गाड्या येतात का? कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. माणसाचं नाव नको, वाडीतल्याचं तर मुळीच नको.

#शहापूर #मुरबाड #माग