घामाचे विज्ञान आणि लाजेचा बाजार

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने मानवी घामाविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या मालाची मागणी माणसाच्या मनातील भीतीवर उभी आहे, त्याचा विचार अर्थशास्त्राने करावयाचा नाही तर कोणी?

प्रथम विज्ञान काय सांगते ते पाहू. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतील विशिष्ट ग्रंथींतून पाझरणाऱ्या स्रावाचे त्वचेवरील जीवाणू विघटन करतात आणि त्यातून तो परिचित दर्प निर्माण होतो. या ग्रंथी वयात येताना कार्यरत होतात. म्हणूनच लहान मुलाच्या घामाला तो दर्प नसतो. कानातील मळ ओला की कोरडा, हे ज्या जनुकावर अवलंबून असल्याचे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखविले, त्याच जनुकाच्या एका रूपामुळे पूर्व आशियातील बहुसंख्य लोकांच्या अंगाला हा दर्प फारसा येतच नाही. ज्याला आपण गलिच्छपणाचे लक्षण समजतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा असा मोठा आहे.

हा वास काही सांगतो काय? निश्चित सांगतो. अवघ्या काही दिवसांची अर्भके परक्या स्त्रीपेक्षा आपल्या आईच्या स्तनावरील कापडाकडे अधिक वळतात, असे मॅकफार्लेन या संशोधकाने १९७५ साली नोंदविले. याहून विलक्षण हकिकत स्कॉटलंडमधील जॉय मिल्न या निवृत्त परिचारिकेची आहे. पतीला पार्किन्सन्सचा आजार असल्याचे निदान होण्यापूर्वी दहाहून अधिक वर्षे त्यांना त्याच्या अंगाचा वास बदललेला जाणवला होता. एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी त्यांना सहा रुग्णांचे आणि सहा निरोगी व्यक्तींचे सदरे हुंगावयास दिले. बाईंनी सहाही रुग्ण ओळखले. मात्र एका निरोगी माणसालाही रुग्ण ठरविले. काही महिन्यांनी त्या माणसालाही तोच आजार असल्याचे निष्पन्न झाले!

बाजाराला मात्र अर्भकात वा रुग्णात रस नाही. त्याला आकर्षण विकावयाचे आहे. १९५९ साली बुटेनांट यांनी सुमारे पाच लाख रेशीमपतंगांपासून नराला खेचून आणणारे द्रव्य वेगळे केले आणि त्याच वर्षी अशा द्रव्यांना ‘फेरोमोन’ हे नाव मिळाले. पतंगाचे ते माणसाचे, असे बाजाराने परस्पर ठरवून टाकले. वास्तविक मानवी फेरोमोन म्हणून एकही द्रव्य आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ ट्रिस्ट्राम वायट यांनी २०१५ साली या संशोधनाचा कठोर परामर्श घेतला. ज्या दोन द्रव्यांचा बराच गाजावाजा झाला, ती १९९१ साली व्यापारी हितसंबंध असलेल्या एका कंपनीच्या आश्रयाने भरलेल्या परिषदेतून पुढे आली होती, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ‘फेरोमोनयुक्त’ म्हणविणाऱ्या कुप्या अद्याप विकल्या जात आहेतच.

या धंद्याची खरी किल्ली आकर्षण नसून शरम आहे. १९१९ साली अमेरिकेतील ‘लेडीज होम जर्नल’मध्ये ‘ओडोरोनो’ या घामरोधकाची जाहिरात आली. तुमच्या अंगाला वास येतो, तो तुम्हाला कळत नाही आणि कोणी तुम्हाला सांगणारही नाही, असा तिचा आशय. सुमारे दोनशे वाचकांनी संतापून अंक बंद केला. पुढील वर्षभरात मालाचा खप दुपटीहून अधिक झाला. यातील अर्थशास्त्र लक्षात घेण्याजोगे आहे. सतत नाकाशी असलेल्या वासाला नाक सरावते, म्हणून स्वतःच्या अंगाचा वास स्वतःला येत नाही. अर्थात ग्राहकाला आपली गरज तपासून पाहताच येत नाही आणि माल उपयोगी पडला की नाही हेही समजत नाही. संशय कायम राहतो, मागणीही कायम राहते. विक्रेत्याला याहून अधिक काय हवे? दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. ‘फेरोमोन’चा दावा करणाऱ्याकडून पुरावा मागण्यास कोणाची हरकत असावी?

ही शरम सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. माझ्या वर्गातील एक विद्यार्थी पुढील बाके रिकामी असताना नेहमी मागे, खिडकीशी बसत असे. अभ्यासात लक्ष नसावे, असा माझा ग्रह झाला होता. एकदा विचारले, तेव्हा खाली मान घालून तो म्हणाला, “सर, अंगाला वास येतो.” पहाटे मार्केट यार्डात कांद्याची पोती उतरवून तो परस्पर वर्गात येई. तो राहत असलेल्या खोलीतील नळाला पाणी येण्याची वेळ नेमकी त्याच्या कामाची होती. त्याच्या सदऱ्याचा वास जे सांगत होता, ते ऐकावयास मला दीड वर्ष लागले.

महाविद्यालयाच्या जिमखान्यालगत दोन न्हाणीघरे बांधावीत, असा अर्ज मी त्यानंतर केला. ‘शैक्षणिक गरज दिसून येत नाही’ अशा शेऱ्यासह तो परत आला. या सत्रात पुन्हा पाठविला आहे.