गावाच्या संकेतस्थळाचा सातबारा कोणाच्या नावावर?



गावाचे, बचत गटाचे किंवा सोसायटीचे स्वतःचे संकेतस्थळ असावे, असा विचार आता पुष्कळ गावांतून निघतो. तरुण मुले हौसेने कामाला लागतात आणि वडीलधारी मंडळी ‘आम्हांला त्यातले काय कळते!’ म्हणून बाजूला बसतात. आजचे चार शब्द या बाजूला बसणाऱ्यांसाठी आहेत.

संकेतस्थळाला तीन गोष्टी लागतात : नाव, जागा आणि घर. नाव म्हणजे डोमेन. ते कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते आणि मुदत संपण्याआधी पुन्हा पैसे भरावे लागतात. २०१४ सालापासून ‘.भारत’ असे देवनागरी नावही घेता येते. जागा म्हणजे सर्व्हर, म्हणजे रात्रंदिवस चालू असणारा कोठलातरी संगणक. त्यावरची जागा भाड्याने मिळते. घर म्हणजे सॉफ्टवेअर.

हे घर बांधण्याचे सामान बहुतेक फुकट मिळते, हे ऐकून नवल वाटेल. बरेचसे सर्व्हर ज्या लिनक्सवर चालतात, ते लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केले. पाने रचणारी पीएचपी ही भाषा आणि माहिती साठवणारे मायएसक्यूएल हे कोठार, ही दोन्ही १९९५ सालची. त्यांवर उभे राहिलेले वर्डप्रेस २००३ साली अमेरिकेतील मॅट मलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी काढले. अनेकांनी मिळून लिहायचे असेल तर मीडियाविकी आहे. मराठी विकिपीडिया त्यावरच चालतो. ही सारी खुल्या परवान्याची सॉफ्टवेअरे. घरचे बियाणे जसे शेजाऱ्याला द्यावे, त्याने पेरावे, निवडावे आणि पुढे द्यावे, तशीच ही रीत आहे. म्हणून नुसत्या सॉफ्टवेअरच्या नावाखाली कोणी मोठी रक्कम सांगू लागला, तर कशाचे किती, ते नीट विचारून घ्यावे. मेहनतीचे पैसे मात्र जरूर द्यावेत.

फुकट मिळाले म्हणून निगा चुकत नाही. पावसाळ्याआधी आपण घर शाकारतो. तसे सॉफ्टवेअरही नव्या सुधारणा येतील तसे अद्ययावत करावे लागते. जुने तसेच पडू दिले, तर त्यातल्या फटींतून चोर आत शिरतात. मजकूर युनिकोड मराठीतच लिहावा. जुन्या फाँटमध्ये लिहिलेले दुसऱ्याच्या फोनवर नुसती चिन्हे होऊन दिसते आणि शोधूनही सापडत नाही.

आता मुख्य गोष्ट. जमीन घेताना आपण सातबारा कोणाच्या नावावर, हे आधी पाहतो. येथे कोणी पाहत नाही. उत्साही मुलगा स्वतःच्या नावाने नोंदणी करतो आणि पुढे नोकरीला शहरात जातो. त्याच्याबरोबर पासवर्डही जातात. मुदतीची आठवण त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहते, पैसे भरायचे राहतात आणि गावाचे नाव भलताच कोणी घेतो. यात मुलाचा दोष थोडा, बेफिकिरी सर्वांची.

तेव्हा एवढे करावे. नोंदणी संस्थेच्या नावावर असावी आणि तसा ठराव सभेच्या वहीत लिहावा. कारभाराच्या किल्ल्या दोघांकडे असाव्यात. बचत गटाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या ताईंकडे एक दिली, तर उत्तमच. पासवर्ड बंद पाकिटात घालून संस्थेच्या कपाटात ठेवावेत आणि बदलले की पाकीटही बदलावे. महिन्याला साऱ्या मजकुराची नक्कल पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या घरी ठेवावी. मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक लिहावी.

यातल्या एकाही कामाला संगणकाचे शिक्षण लागत नाही. घरातल्या जाणत्या माणसाची नजर तेवढी लागते. गावात संकेतस्थळ आधीच असेल, तर येत्या सभेत एकच प्रश्न विचारा : ते कोणाच्या नावावर आहे?